टोळीच्या तेलाची बदनामी

माझ्या बायकोच्या तेरवीला पंगती उठल्यावर बायका अंगणात सावलीला बसल्या. बोलता बोलता गोष्ट तिच्या चेहऱ्यावर आली.

"मोठी सोशिक बाई. तोंडाचं असं झालं, पण मायले कधी बोल नाई लावला."

"मायनंच देल्लं होतं ना ते तेल?"

"मायनंच. मोहाचं. घासलेटच्या डब्यात ठेवलेलं. म्हातारीले एवढी अक्कल नोती काय!"

मी ओट्यावर बसलो होतो. मला ऐकू कमी येतं असं घरात सगळ्यांना वाटतं. त्यांना वाटतं तेवढं कमी येत नाही. मी पान चघळत राहिलो. जन्मभर गप्प राहिलो होतो, त्या दिवशीही राहिलो.

खरं असं आहे की ते तेल तिच्या चेहऱ्याला लागलंच नव्हतं. तिचा चेहरा मी बिघडवला, आणि नाव तिच्या आईचं घेतलं. आता ऐकून रागावतील अशी माणसं उरली नाहीत, म्हणून मी सांगतो आहे. यात धीटपणा काही नाही.

आमची दोन्ही घरं वैनगंगेच्या काठची, तळ्यात मासे धरणारी आणि धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, करणारी. मी मॅट्रिक झालो आणि धानोऱ्याला लाकडाच्या डेपोत कारकून म्हणून लागलो. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. लग्न होऊन ती धानोऱ्याला आली तेव्हा तिचा रंग बांधावरच्या भिजलेल्या मातीसारखा होता, काळा आणि खाली कुठेतरी तांबूस. लहानपणापासून ती बापाबरोबर तळ्यात उतरायची. ऊन वरून आणि पाण्यावरून असं दोन्हीकडून लागायचं, पण कातडी कशी, तर नुकत्याच धुतलेल्या तांब्यासारखी. एक पुटकुळी नाही, हिवाळ्यात एक भेग नाही.

ते सगळं तिच्या आईचं काम. मोहाच्या फळातल्या बीला आमच्याकडे टोळी म्हणतात. आषाढाच्या तोंडी सासूबाई रानातून टोळी वेचून आणायच्या, फोडायच्या, वाळवायच्या आणि तेल्याच्या घाण्यावर तेल काढून आणायच्या. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं. घटकाभर उन्हात ठेवायचं, तळहातावर चोळून ऊन करायचं आणि मग तोंडाला, कोपरांना, टाचांना लावायचं. पाण्यात उतरायच्या आधी तर हमखास. सणावाराला चारोळी दुधात वाटून तिचा लेप. त्या घरात याला कोणी सौंदर्य म्हणत नव्हतं. जाळं तेल-पाण्यानं राखतात तशी कातडी राखायची, एवढंच. तेलाचा वास मात्र उग्र. मला तो लहानपणापासून ओळखीचा होता, आणि नोकरी लागल्यावर त्याचीच लाज वाटायला लागली.

डेपोच्या वस्तीत सात-आठ बिऱ्हाडं होती. बहुतेक वरच्या मुलखातून, नागपूरकडून आलेली, बायका उजळ. संक्रांतीला रेंजरसाहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं. मी चांद्याहून पावडरचा डबा आणून तिच्या हातात दिला. डब्यावरची बाई गुलाबी होती, आतली पावडरही गुलाबी. दुकानात दुसरा रंगच नव्हता. दुसरा असू शकतो हे दुकानदाराला माहीत नव्हतं आणि मलाही.

ती लावून गेली आणि हसत परत आली. "अवो, मले पाहून एकजण म्हणे, काऊन बाई, पिठाच्या डब्यात तोंड घातलं काय! आरशात पाह्यलं तं खरंच. तोंड भुताचं आन् मान माझी."

मला हसू आलं नाही. तिला येत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ती पावडर ताटलीत ओतली. भिंतींचा खालचा पट्टा रंगवायला घरात गेरू होता. तो वस्त्रगाळ केला, चिमूटभर हळद घातली आणि थोडं थोडं मिसळत गेली. प्रत्येक वेळी जबड्याखाली बोट ओढायची, दारात उजेडाला जायची, आरसा धरायची, मान हलवायची, परत यायची. गेरू जास्त झाला की पावडर, पिवळं झालं की गेरू. आधी तोंडाला टोळीचं तेल बोटभर चोळून पुसून घ्यायचं आणि मग वर हे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जमलं. लावलंय हे कळायचं नाही. तोंड फक्त झोप पुरी झालेल्या माणसासारखं दिसायचं. कपाळाला मेण, त्यावर कुंकू. मी पाहत राहिलो होतो. हेही सांगायला हवं, की मला ती त्या वेळी सुंदर दिसली होती. मला दिसत नव्हतं असं नाही.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गेलो. दुपारचं ऊन, धूळ, सगळ्या बायकांच्या तोंडावर पावडरचे ओघळ. हिच्या तोंडावर काही नाही. देवळाच्या पायऱ्यांशी रेंजरसाहेबांच्या बाई भेटल्या. त्यांनी हिला निरखून विचारलं, "कोणती गं पावडर तुझी? नागपूरची?"

"नाई बाई," ही मोकळेपणानं म्हणाली, "तुमच्यासारखीच. फक्त गेरू घातला."

"गेरू?"

"भिंतीले लावते तो."

तिला वाटलं, विचारलं म्हणजे त्यांना करून पाहायचं आहे. कसं गाळायचं, किती हळद, हेही सांगायला लागली. बाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि निघून गेल्या.

दोन दिवसांत ते डेपोत पोचलं. बडेबाबू सगळ्यांदेखत म्हणाले, "काय भाऊ, पगार पुरत नाई काय? भिंतीचा गेरू वैनीच्या तोंडाले लावून राह्यले म्हणते!" दुसरा म्हणाला, "आता दिवाळीले चुना मारा." लाकडं मोजणारे मजूरसुद्धा हसले.

घरी जाऊन मी तो डबा मोरीत उपडा केला. ती म्हणाली, "काऊन जी? चांगलं तं दिसत होतं." मी म्हणालो, "भिंत आहेस काय तू?" मोरीतून लाल पाणी बराच वेळ वाहत होतं.

पुढे लाकडाच्या कामासाठी वरोऱ्याला जाणं झालं. तिथे बाजारात एक फिरता विक्रेता गोरं करायचं मलम विकत होता. नाव नव्हतं, कागद नव्हता, पांढरी काचेची डबी. सकाळ-संध्याकाळ लावा, म्हणाला, आणि दुसरं काही लावू नका. मी आणली. तिला सांगितलं, आता ते टोळीचं तेल बंद, चारोळी बंद, फक्त हे.

आठवड्यात तिनं सांगितलं, "अवो, आग होऊन राह्यली जी."

"आग होते म्हणजे काम करून राह्यलं," मी म्हणालो. हे वाक्य माझं आहे, विक्रेत्याचं नाही. ते मी तेव्हाच्या तेव्हा स्वतः तयार केलं आणि पुढे कितीदा तरी वापरलं.

चैत्रात ती खरोखर उजळली. मी तिला मुद्दाम रेंजरसाहेबांच्या घरी नेऊन आणलं. बाई म्हणाल्या, "अगं, केवढा फरक!" मी घरी येताना शीळ घालत होतो. याच सुमारास सासूबाईंनी कोणाच्या तरी हाती तेलाची बाटली पाठवली. मी ती उघडू दिली नाही. ती फळीवर राहिली.

वैशाखाच्या उन्हात चेहरा फिरला. आधी सालपटं निघाली, मग गालांवर आणि कपाळावर राखेसारखे काळपट डाग उमटले, डोळ्यांखाली चट्टे. डबी बदलून दुसरी आणली, तीही लावायला लावली. मग तिनंच ती फेकली. माझ्यावर ओरडली नाही. पदर पुढे ओढून वावरायला लागली, घरातसुद्धा.

कोणी तरी गावी सांगितलं असावं. एक दिवस माझी आई आणि सासूबाई दोघी बैलगाडीनं धानोऱ्याला आल्या. आईनं हिचा पदर वर केला आणि कपाळाला हात लावला. "हे काऊन झालं बापा? काय लावलं लेकीनं?"

मी दारात उभा होतो. ही चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगणार म्हणूनच पाहिलं असेल. मी फळीवरच्या बाटलीकडे बोट केलं.

"त्या तेलानं," मी म्हणालो.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. बुचावर बांधलेली चिंधीसुद्धा तशीच होती. कोणीही हात लावून पाहिलं असतं तर मी तिथेच उघडा पडलो असतो. कोणी पाहिलं नाही. सरकारी नोकरीतला शिकलेला जावई बोलला होता.

सासूबाईंनी आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "माझ्याच हातानं," म्हणाल्या. "औंदा तेलाचा तुंबा फुटला जी. घासलेटच्या डब्यात ठेवलं. राखेनं घासला होता, वास घेऊन पाह्यला होता... राह्यलं असन काही." पुरावा मी दिलाच नव्हता, तो त्यांनी स्वतः शोधून दिला. माझ्या आईनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. सासूबाईंनी ती बाटली पदराखाली घेतली, कुंपणापाशी नेली आणि ओतून दिली.

त्या दोघी गेल्यावर हिनं मला विचारलं, "काऊन?" एवढंच. मी म्हणालो, चार लोकांत माझी इज्जत आहे.

तिनं आईला खरं सांगितलं होतं. बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा सांगितलं. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू माझं लेकरू, तू असंच म्हणशील. जवाईबापू कशाले खोटं बोलतीन? त्याहिचं काय अडलं?" मुलगी झाली. आमच्याकडे पहिल्या बाळाला आईच्या आईनं तेल लावायचं असतं, पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन, टोळीच्या ऊन तेलानं. सासूबाईंनी शेजारची बाई बोलावली आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसल्या. बाळ रडलं की उठायच्या, जवळ यायच्या, हात लुगड्याला पुसायच्या आणि परत जाऊन बसायच्या. मी बारशाला गेलो तेव्हा हे पाहिलं.

त्या दिवशी बायकोनं मला गोठ्यामागे गाठलं. "मले काही नाई म्हणाचं माझ्या तोंडाबद्दल. ते गेलं. तुमी फक्त मायले सांगा. माझं ते नाई ऐकत, तुमचं ऐकन. एक डाव सांगा. तिनं पोरीले हात लावला पाह्यजे."

मी हो म्हणालो.

पुढच्या शिवरात्रीला सासूबाईंना मार्कंड्याला घेऊन गेलो. बायकोनं मुद्दाम आम्हा दोघांनाच पुढे पाठवलं, ती मुलीला घेऊन झाडाखाली थांबली. वैनगंगेच्या वाळूत आम्ही चालत होतो. मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात त्याच थांबल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "जवाईबापू, एवढ्या दिवसात विचाराची हिंमत नाई झाली. मले माफ केलं ना तुमी?"

मी म्हणालो, "झालं ते झालं. मनात नका ठेवू."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्या माझ्या पाया पडायला वाकल्या आणि मी वाकू दिलं.

झाडाखाली पोचलो तेव्हा बायकोनं आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या रडल्या होत्या, तिला वाटलं काम झालं. तिनं मुलीला पुढे केलं. सासूबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. तेव्हा तिला कळलं. त्या दिवसानंतर तिनं मला आईला सांगा असं कधी म्हटलं नाही, आणि दुसरंही काही मागितलं नाही. संसार केला, तीन मुलं वाढवली, माझ्या ताटात कधी काही कमी केलं नाही. सासूबाई वारल्या तेव्हा मी खांदा दिला. शहाणा जावई म्हणून लोक अजून सांगतात.

बायकोनं पुन्हा तोंडाला काही लावलं नाही. फक्त एकदा. नातीच्या लग्नात नातीनं आपली पेटी उघडली. तिच्यात एकाच वस्तूचे इतके रंग होते की मी मोजायचे सोडले. गव्हाळ, सावळा, काळा, काळ्यातही तांबूस आणि पिवळसर. नातीनं आजीच्या जबड्याखाली बोटानं एक रेघ ओढली, उजेडात नेलं, मग दुसरी ओढली. दुसरी दिसेनाशी झाली.

"हा तुझा, आजी."

म्हातारीनं आरसा धरला, मान हलवली. अगदी तशीच, धानोऱ्याच्या दारातल्यासारखी. मग म्हणाली, "असाच केला होता मी. त्यात गेरू जरा जास्त होता." नातीला काही कळलं नाही. मी तिथेच खुर्चीवर होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात नातीला मुलगा झाला आणि ती बाळाला घेऊन आमच्याकडे आली. बायकोच्या माहेरचा मुलगा भेटायला आला, येताना टोळीच्या तेलाची बाटली घेऊन आला. त्या घरात अजून काढतात. सुनेनं बाटली घेतली, त्याच्यासमोर हसली आणि तो गेल्यावर ती भिंतीतल्या देवळीत ठेवली. "दिव्याले होईन. बाळाले नको बाई, आपल्या घरात काय झालं ते माहीत आहे ना."

मी उठून बाटली खाली काढली. थंडीनं तेल थिजलेलं होतं. सून आणि नात दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं: गेरू, मलम, फळीवरची भरलेली बाटली, वाळूतली माफी. सांगायला फारसा वेळ लागला नाही.

सुनेनं बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आई असताना काऊन नाई बोलले?"

मी बाटली तिच्यापुढे धरली. म्हणालो, हे तेल चांगलं आहे, बाळाला लावा.

नात म्हणाली, "आजोबा, आता हे कोण लावते? डॉक्टरनं दुसरं लिहून देल्लं आहे." तिचा आवाज कडक नव्हता. तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, पुन्हा देवळीत ठेवली आणि बाळ उठलं म्हणून आत गेली.

संध्याकाळी सुनेनं त्याच तेलाचा दिवा लावला. ते धूर न होता जळत होतं, आणि वास होता तो फक्त टोळीचा. घासलेटचा थेंब असता तर काजळी धरली असती.