ओ आल्याशिवाय बत्ती नाही

आमच्या खाणवाडीचे किस्से सांगायला बसलं की चहा हमखास गार होतो. एक सांगून होतोय तोवर शेजारीण म्हणते, "अगं, कोंबडीचा राहिलाच की!" मग कोंबडीचा. तो संपेपर्यंत आणखी दोघी येऊन बसतात. म्हणून आज मी एका दमात सगळे सांगून टाकते.

इंदिरानगर ओलांडून पुढे गेलं की आमची वाडी. आता तिथे लिफ्टची बिल्डिंग आहे आणि खाणीत नुसतं पाणी. पण पूर्वी तिथे दगड फुटायचा. निम्मं नाशिक आमच्या खडीवर उभं आहे, असं आमचे लोक छातीठोकपणे सांगतात. उरलेलं निम्मं कशावर उभं आहे, ते विचारायचं नाही!

भर दुपारी सुरुंग उडायचा. त्याआधी माझे सासरे, नाना मुकादम, कड्यावर उभे राहून एकेका घराला हाक मारायचे. घरातून "ओऽ" आली म्हणजे त्या घरातलं माणूस न् माणूस आत आहे. सगळ्यांची ओ आली की नाना ओरडायचे, "लावा बत्ती!" एका घराची जरी राहिली, तरी बत्ती नाही.

मालक कुरकुरायचा, "नाना, भोंगा आहे ना आपल्याकडे!"

"भोंगा वरडतो मालक. मानसं मोजत नाय."

नानांच्या मुकादमकीत एकाही माणसाला खडा लागला नाही. मला त्याचा आजही अभिमान आहे. माणसाला म्हणतेय मी. कोंबडीचं वेगळं!

*

सखूमावशी एकटी राहायची. तिचा सगळा जीव एका कोंबडीवर. एके दिवशी सुरुंगाचा दगड उडाला तो नेमका तिच्या खुराड्यावर.

दुसऱ्या दिवशी नानांनी हाक मारली, "सखूऽ!" ओ नाही. मावशी दारातच उभी, पण तोंड घट्ट बंद.

"अगं, दिसती की तू मला!"

मावशीने मान फिरवली. नियम म्हणजे नियम. सुरुंग भरलेले, खडी फोडणारं क्रशर थांबलेलं, ट्रक रांगेत उभे. शेवटी मालक स्वतः जीपमधून आला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, ओ द्या!"

मावशी म्हणाली, "आदी माझ्या कोंबडीचं बोला!"

नाना घरी आले, आमच्या खुराड्यातली सगळ्यात जाड कोंबडी उचलली आणि तिच्या हातात दिली. तेव्हा कुठे ओ आली. सासूबाई मात्र बरेच दिवस नानांशी बोलल्या नाहीत.

*

मी दिंडोरीची. लग्न होऊन आले, तर घरच्या गडबडीत सासूबाईंचा घसा बसलेला. दुपारी हाक आली तशी त्यांनी मला खुणावलं, तू दे. आता नव्या नवरीने सासऱ्यांना ओरडून उत्तर द्यायचं? मी पदर सावरून हळूच "ओ" म्हटलं. कड्यावर काय पोचणार! नानांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. सासूबाईंनी कचकन चिमटा काढला.

माहेरी द्राक्षबागेत पाखरं हाकलून मोठी झालेली मी. डोळे मिटले आणि दिली एकदाची! क्रशरवरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. नाना कड्यावरून म्हणाले, "आरं, सून आनली का भोंगा?"

*

शहर जवळ आलं, खाण बंद झाली, बिल्डर आला, घरांच्या बदल्यात फ्लॅट ठरले. इंजिनियरने नकाशा पसरला. "रोड साइडचे फ्लॅट कोणाला हवेत?" एकही हात वर नाही. सगळ्यांना खाणीच्या बाजूचीच गॅलरी हवी.

"व्ह्यूसाठी का?" त्याने विचारलं.

नाना म्हणाले, "व्ह्यूचं काय लोनचं घालायचं? ओ आयकू आली पायजे!"

त्याला काही कळलं नाही. नकाशा मात्र बदलला बिचाऱ्याने.

*

आता नाना विसरतात. जेवलो की नाही तेही आठवत नाही. मला कधी सून समजतात, कधी बहीण. पण दुपार झाली की गॅलरीत उभे राहतात आणि हाका सुरू. सगळी घरं, अगदी क्रमाने!

आणि अख्खी बिल्डिंग ओ देते. जे गेले, त्यांच्या सुना देतात. शेजारचा रामदास टेम्पो घेऊन बाहेर असला तर त्याची बायको मोबाइल स्पीकरवर टाकून गॅलरीत धरते. हॉर्नच्या गोंगाटातून आवाज येतो, "ओऽ नाना!" अशी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

अडचण एकच, सखूमावशी. ती मागच्या वर्षी गेली. मागे इथे राहणारं कोणीच नाही. तिची ओ येत नाही तोवर नाना उन्हातून हलत नाहीत, घास तोंडात घेत नाहीत. मी आतल्या खोलीतून आवाज बदलून ओ देऊन पाहिली. नाना म्हणाले, "हा भोंगा आमच्या घरचा हाय!" एकदा गॅलरीतच त्यांना चक्कर आली. मला रडूच कोसळलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना उन्हात उभं राहू देऊ नका." सांगायला काय जातंय!

*

त्यातच मावशीच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आल्या. गंगापूर रोडच्या मॅडम, कुठल्याशा कंपनीचं काम घरून करणाऱ्या. आल्या तशा दारात हजर.

"रोज दुपारी हा आरडाओरडा कसला? माझी मीटिंग सुरू असते."

मी त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि हाका, बत्ती, कोंबडी, सगळं सांगितलं. चहा अर्थातच गार झाला. मॅडम घड्याळ बघत उठून गेल्या. मला वाटलं, गेली तक्रार सोसायटीत.

दुसऱ्या दिवशी नाना गॅलरीत. मी मागे छत्री धरून. एकेक ओ येत गेली.

"सखूऽऽ!"

नानांनी कठडा घट्ट धरला.

"सखूऽऽऽ!"

वरच्या मजल्यावर मावशीच्या गॅलरीचं दार धाडकन उघडलं. मॅडम वाकल्या. कानांवर मीटिंगचा हेडफोन तसाच.

"आधी माझ्या कोंबडीचं बोला!"

नाना चमकून वर बघत राहिले. मग खदखदून हसले. "देतो गं बये, देतो!"

खाणीतल्या पाण्याकडे वळले आणि खणखणीत ओरडले, "लावा बत्ती!"

मग आत आले, ताटावर बसले आणि मला म्हणाले, "वाढ."