शेवटच्या गवतातले तितर

बोईसरजवळच्या सालवडचा मी आणि डोंगराकडच्या पाड्यावरचा नवसू एकाच भरतीत पास झालो. पुढे पलटणही एक आणि सेक्शनही एक मिळाला. नव्वदच्या दशकात आमची पोस्टिंग पूंछकडे होती. एका सेक्शनच्या दोघांना एकदम रजा मिळत नसे, म्हणून तो जाऊन आला की मी जायचो.

रजेवरून परतणाऱ्याने आधी घरची खुशाली सांगावी, हा जगाचा नियम. नवसू मात्र मी पाठीवरचा पिट्टू उतरवतो न उतरवतो तोच विचारायचा, "ससे दिसले का रं?" मग मी वायरलेसवर बोलावं तसा रिपोर्ट द्यायचो. आमच्या लहानपणी बोईसरच्या माळावर पायाखालून लावे पक्षी उठायचे. कारखाने वाढले, माळ आकसला आणि लावे दिसेनासे झाले. ससे मात्र काही वर्षं उलट वाढले. कारखान्यांच्या प्लॉटना कुंपण पडलं होतं, शेड उभी राहिली नव्हती. आत जाळी घेऊन कोणाला जाता येईना, मग सशांची चंगळ. पुढे शेडही उभ्या राहिल्या.

"कुंपणातले पण गेले," एका वर्षी मी सांगितलं. "तितर तेवढे तुझ्या बापाच्या गवतात उरलेत. ओव्हर."

"मग बापाची मजा हाय," नवसू हसला.

एका सकाळी आम्ही गस्तीवर निघालो होतो. नवसू सगळ्यांच्या पुढे, वाट तपासणारा स्काउट होता. नाल्याच्या वळणाआधी तो थांबला आणि त्याने मूठ वर केली. समोरच्या झुडपातून चार-पाच तितर भर्रकन उठले आणि आमच्या डोक्यावरून मागे गेले.

"आपल्याला भ्याले असते तर तिकडं उडाले असते," तो कुजबुजला. "पलीकडं कुणीतरी हाय. खाली व्हा."

आम्ही आडवे होऊ लागलो आणि समोरून फायर आला. आम्हाला बांधाचा आडोसा मिळाला. नवसू उघड्यावर होता. शेवटचा माणूस खाली होईपर्यंत तो वळून हात हलवत राहिला आणि तिथेच त्याला गोळी लागली.

हवालदारसाहेब वायरलेस सेटवर बोलले. "एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"हालत कशी आहे? ओव्हर," पलीकडून विचारलं.

साहेबांनी नवसूकडे पाहिलं आणि सेट खाली ठेवला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. माझा त्याच्यावर सख्ख्या भावाएवढा जीव होता. ते मी त्याला तिथे सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, ठाऊक नाही. बाकीचे आम्ही सगळे जिवंत परतलो.

मला रजा मिळाली तेव्हा दिवाळी उलटून गवतकापणी चालू होती. नवसूचे वडील जान्याकाका यांना मुलगा गेल्याचं कळलं होतं. कसा गेला, ते कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायलाच मी निघालो होतो.

आमच्याकडे गवत चारी बाजूंनी आत कापत नेतात. ससे, पाखरं मागे सरत मधल्या तुकड्यात गोळा होतात. शेवटच्या दिवशी सगळे काठ्या-जाळी घेऊन त्या तुकड्याला वेढा घालतात आणि मग पाड्यावर जेवण होतं. मी पोचलो तेव्हा वेढा पडला होता.

काकांनी मला पाहिलं आणि हात धरून बाजूला नेलं. "आदी सांग. कसा गेला?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तितरांचंही सांगितलं.

ते गवताकडे वळले. मग ओरडले, "डोंगराकडली वाट सोडा! जाली उचला!"

"काका, वर्साचा खाना हाय," कोणीतरी म्हणालं.

"ठाऊक हाय. जाऊ द्या त्यांना."

माणसं कुरकुरत बाजूला झाली. काकांनी स्वतः गवतात काठी फिरवली. आधी उरलासुरला एक ससा सुटला. मागोमाग तितर भर्रकन उठले आणि डोंगराकडे गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत काका बघत होते. "तवाबी असाच आवाज झाला व्हता का रं?"

"हो काका. असाच."

"मंग घरचाच आवाज आयकून गेला माझा पोर."