बारा पावलांवरचा रंग

"आ शुं छे, बेन?" शेठजींनी साडी माझ्या टेबलावर टाकली. "लाल-लीलो कह्यो तो. आ तो माटी छे!"

बुट्टी लाल-हिरवी हवी होती. त्यांच्या दुकानाच्या काचेत साडी टांगली, तर समोरच्या फुटपाथवरून ती मातकट दिसत होती. शेठजींच्या मते रंग बिघडला होता, आणि रंग कालवायचे आप्पा मास्तर.

"कल से मास्टर की छुट्टी," असं बजावून ते केबिनमध्ये गेले.

सुरतजवळच्या उधन्याच्या एका साड्यांच्या प्रिंटिंग मिलमधली ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथे डिझाइन काढत असे. आप्पा धुळ्याकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. गेल्या महिन्यात ते गेले. म्हणून हे सावकाश लिहून ठेवते आहे.

आप्पा दारातच उभे होते. "मन्हा रंगमा खोट नई शे, ताई," एवढंच म्हणाले. मनाला लागलं की ते अहिराणीत बोलत.

मी साडी हातात घेतली. लाल ठिपका लाल होता, हिरवा हिरवा. मग ती आवारातल्या तारेवर टाकली आणि मागे सरकत गेले. पाच-सहा पावलांवर ठिपके एकमेकांत मिसळायला लागले. बारा पावलांवर नुसती माती.

चूक माझी होती. बुट्टी मी खसखशीएवढ्या ठिपक्यांनी भरली होती, एक लाल, एक हिरवा. वस्तू जितकी लांब, तितकी ती डोळ्यात लहान उमटते. फारच लहान झाली की शेजारचे दोन ठिपके डोळ्याला वेगळे काढता येत नाहीत. दोन्हींचा मिळून एकच रंग दिसतो. बारडोलीच्या रस्त्याने जाताना कडेचा ऊस एकेक दिसतो, लांबचा नुसता हिरवा पट्टा. तसंच.

हे सांगायचं म्हणजे दोष स्वतःवर घ्यायचा. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. टेबलावरचा चहा निवला. मग मी शेठजींना आवारात बोलावलं.

"जवळून बघा. रंग कसा आहे?"

"बराबर छे."

"आता मागे या. अजून."

ते थेट गेटपर्यंत मागे गेले. "अरे! आ तो जादू छे!"

"जादू नाही. ठिपके मी फार बारीक काढले. मास्तरांचा रंग चोख आहे."

"पास किसने किया?"

"तुम्ही. गादीवर बसून, मांडीवर घेऊन."

आप्पांनी तोंड फिरवलं. खांदे मात्र हसण्याने हलत होते.

"यानी अब मेरे को गादी से उठना पड़ेगा?" शेठजी म्हणाले. रागावले नव्हते.

मी बुट्टी मोठी केली, ठिपके हरभऱ्याएवढे केले. रंगाचं माप आप्पांनी गुंजभरही बदललं नाही. या वेळी समोरच्या फुटपाथवरून लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसले. आप्पा त्याच मिलमधून, वय झाल्यावर, आपल्या मर्जीने निवृत्त झाले. तो पहिला मातकट लॉट वऱ्हाडातल्या एका व्यापाऱ्याने बदामी म्हणून उचलला आणि तसाच आणखी मागवला.

साडी घेणारी बाई ती हातभर अंतरावरून निवडते; नेसल्यावर लोक ती रस्त्यापलीकडून बघतात. डिझाइन काढणाऱ्याने दोन्हीकडून पाहावं. त्यासाठी फक्त उठावं लागतं.