एका खाटेवरचे दोन आजार

आमचं घर खाडीतल्या मासळीवर चालायचं. न्हावा शेवाला बंदर झालं, मासळी कमी झाली, आणि माझा थोरला भाऊ, दादा, होडी सोडून कंटेनरच्या ट्रेलरवर गेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. बंदराच्या लायनीत गाडी उभी करून बसायचं, वेळ जायला दारू. पुढे सकाळचा घोट घेतल्याशिवाय त्याच्या हातात स्टिअरिंग ठरेना, मग ट्रेलरही गेला. आई उरणहून मासळी आणून पनवेलच्या बाजारात बसायची. त्यावरच आम्ही जेवलो आणि त्यावरच मी बी.ए. झाले. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीसुद्धा झालेलं नव्हतं. हे मी आजही मान वर करून सांगते.

दादाच्या छातीत पू झाला. पहिल्या इस्पितळात दारू बंद होताच तो थरथरायला लागला, त्याला भिंतीवर खेकडे दिसायला लागले. "बेवडा आहे, आधी दारू सोडवून आणा," म्हणाले. दारू सोडवणाऱ्या केंद्रात नेलं, तर तिथे म्हणाले, "एवढा ताप? आधी इस्पितळात न्या." रिक्षात दादा मध्ये, आई आणि मी दोन बाजूंना. रिक्षावाला विचारत होता, "आता कुठे?"

शेवटी पनवेलच्याच दुसऱ्या इस्पितळाने घेतलं. दारातच आईने मला बजावलं, "दारूचं नाव काडू नको, बाय. परत हाकलतील."

डॉक्टरांनी बरगडीतून नळी घातली, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत सोडलं. सगळा पू निघेपर्यंत नळी राहिली नाही तर जीव जाईल, असं स्पष्ट सांगितलं.

"मासा झालोय मी," दादा म्हणाला. "गळ बरगडीत रुतलाय. तू शिकलेली ना, मग सोडव."

पहिल्या इस्पितळातून दारूसाठी तो पळाला होता, या वेळी पळाला नाही. मात्र आईला डबा घेऊन यायला उशीर झाला की त्याचा हात नळीकडे जायचा. एका दुपारी सिस्टरने डबा उघडला.

"मावशी, पेजेला वास कसला?"

"तांदूळ जुना हाय, बाय."

"जुन्या तांदळाने झिंग चढते होय?"

आजूबाजूच्या खाटांवरचे हसले. मी कपड्यांची पिशवी भरायला घेतली. डॉक्टर आले तेव्हा आई त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली. "तुमी सुई देता. त्याची थरथर कोन बगतो? घोटभर दिली का गप पडून ऱ्हातो, म्हनून देते. पळाला तर मरल तो."

डॉक्टरांनी डब्याला झाकण लावलं. मग मला म्हणाले, "पिशवी ठेवा खाली. थरथरीलाही औषध असतं, ते आधीच द्यायला हवं होतं." त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांना तिथेच बोलावलं.

"माजा पोर येडा नाय," आई म्हणाली.

"वेडा नाही, मावशी. दारूही आजारच आहे. दोन्ही इथेच बघू."

तेव्हापासून दोन डॉक्टर एकाच खाटेपाशी यायचे. थरथरीच्या गोळ्या हळूहळू कमी करत गेले, इंजेक्शनं चालूच. दादा शिव्या द्यायचा, रडायचा, आईला वैरीण म्हणायचा. आई बाजार सोडून त्याचा हात धरून बसायची, आणि माझी कचेरी सुटल्यावर तिच्या जागी मी. वॉर्डाच्या दारावरून त्याची नजर हटत नसे. माझीही नाही.

नळी निघाली. ताप गेला. दादा उपचार पूर्ण करून, दारूशिवाय, स्वतःच्या पायांनी घरी आला.