दिवाणाखालच्या विटा

आमच्या दिवाणाचे पाय मी स्वतःच्या हातानं करवतीनं कापले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात दादांचा खुबा मोडला.

या दोन गोष्टींचा तसा संबंध नाही. पाय कापले ते फॅशन म्हणून. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, मला कलेक्टर कचेरीत कारकुनी लागली होती, आणि एका साहेबाच्या बंगल्यावर मी जमिनीला टेकलेली बैठक बघून आलो होतो. आपणही आता जिल्ह्याच्या गावचे! (गाव तेच, गल्ली तीच, पण डोक्यात हवा गेली ना.) आणि दादा, म्हणजे माझे वडील, पडले ते नळासमोरच्या घागरींच्या रांगेत अडखळून. नळाला पाणी नव्हतंच. रांग मात्र होती.

सोलापूरला खुबा बदलायचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "बसायची जागा गुडघ्यापेक्षा उंच पाहिजे. खाली बसवलंत तर सांधा निसटेल." घरी येऊन बघतो तर दिवाण जेमतेम वीतभर!

"पाणी घाला त्याला रोज," माझी बायको सुमन म्हणाली. "पाय फुटतेत का बघू!"

दादा रिटायर मास्तर, ताडमाड उंच. त्यांना त्या दिवाणावरून उठवायचं म्हणजे एका बगलेत मी, दुसऱ्या बगलेत सुमन. सुनेनं बगलेत हात घालून उचलायचं, याची त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखी लाज! दोन दिवसांनी सुमनच्या लक्षात आलं, की उशाशी ठेवलेला तांब्या भरलेला तसाच राहतोय. ऐन मे महिन्यात दादा पाणी पीत नव्हते. का? तर मोरीला जायला उठावं लागेल!

"दुष्काळ हाय. तेवढंच पाणी वाचतंय," दादा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी मुळात एका जागी दम न धरणारा माणूस. तसाच अनवाणी शेजारी पळालो.

शेजारी सिद्रामप्पा, भुसार मालाचे दुकानदार. जिल्हा झाला म्हणून त्यांनी घरावर माडी चढवायला घेतली होती. पण पाण्यावाचून काम थांबलं आणि विटांचा ढीग दारात पडून राहिला.

"न्या की, किती बी न्या!" सिद्रामप्पा म्हणाले. "पाण्याबिगर त्या तरी नुसत्या बसून काय करून राहिल्यात!"

दादांच्या दिवाणाखाली सुमननं गवंडी बोलावून विटा बसवून घेतल्या. (माझ्यावर विश्वास नव्हता. बाई हुशार.) दादांना वर बसवलं. तळवे फरशीला टेकले, कंबर गुडघ्याच्या वर आली. आता फक्त उठायचं! दादांनी मात्र इकडं तिकडं बघितलं. सुमन खाली पाटावर बसून ज्वारी निवडत होती.

"ही कामून खाली बसली?"

"दादा, ती रोज खालीच बसती की!"

"मंग मी न्हाई वर बसत. उतरव मला."

"अहो, डॉक्टर..."

"ऐक. शाळेत मला दाराबाहेर पायरीखाली बसवायचे. बाकीची पोरं आत, बाकावर. तवाच ठरिवलं, माझ्या घरात कुणी कुणाच्या खाली बसणार न्हाई. एक तर समदे वर, न्हाईतर मी खाली!"

खुबा बदलता येतो, मास्तर बदलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांचा लई अभिमान वाटला. अभिमान वाटला की माझं डोकं चालेनासं होतं.

"समदे वर!" मी गर्जना केली आणि पुन्हा विटा आणायला पळालो.

दुपारपर्यंत दोन्ही खुर्च्या विटांवर, लोखंडी स्टूल वर, बसणाऱ्यांना चहा गाठता यावा म्हणून टिपॉयही वर! अडचण एवढीच, की उंची दादांच्या पायांच्या मापाची होती आणि आम्ही बाकीचे बुटके. सुमनचे पाय खुर्चीवरून लोंबायला लागले.

"आवं, चक्कर येऊन राहिली मला!"

"सवय होईल!"

तेवढ्यात सिद्रामप्पा दादांची तब्येत विचारायला आले. माणूस ठेंगणा आणि पोट भरघोस. मी मागून ढकललं, सुमननं पुढून ओढलं, तेव्हा कुठं ते दुसऱ्या खुर्चीत पोचले आणि दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरून बसले. सुमन त्यांचा चहा टिपॉयवर ठेवून परत आपल्या खुर्चीवर चढली.

मी स्वतः स्टुलावर. माझ्या वाट्याला विटा कमी पडल्या होत्या, म्हणून मी त्या उभ्या लावल्या. कचेरीत फायली अशाच रचतो, कधी पडल्या नाहीत. (पडल्या होत्या. एकदा हेडक्लार्कच्या अंगावर.)

"आता बरं झालं. समदे सारखे," दादा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहात दिवाणावर टेकवले. "उठून बघू का?"

आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. टँकर!

त्या उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून बसून राहिलेला माणूस लातुरात शोधून सापडला नसता. मी ताडकन उठलो, म्हणजे निम्मा उठलो. बाकीचा निम्मा स्टुलासोबत गेला! विटा आडव्या, मी टिपॉयवर, टिपॉय सिद्रामप्पांवर, चहा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, आणि शेवटी मी फरशीवर. घोट्यात काडकन आवाज झाला.

"अय्यो! मला खाली घ्या हो कुणीतरी!" सिद्रामप्पा वरून ओरडत होते.

सुमननं उडी मारली, माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि घागर घेऊन बाहेर पळाली! (तिचं चुकलं नाही. नवरा कुठं जात नव्हता, टँकर जात होता.)

मी कळवळून वर बघितलं, तर दादा उभे! एकटे. कुणाचा हात नाही, बगल नाही. पाय थरथरत होते, पण माणूस सरळ उभा होता. मी ओरडायचंच विसरलो.

"दादा, उठलात तुम्ही!"

"आरं, तू पडलास की! बसून राहू काय?"

त्यांनी काठी घेतली, उशाचा तांब्या उचलला, मला दोन घोट पाजले आणि उरलेला स्वतः गटागटा रिकामा केला. मग कुणालाही हाक न मारता एकेक पाऊल टाकत मोरीकडं निघाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते घोट्यामुळं, असं मी सिद्रामप्पांना सांगितलं. ते वरच होते.

घोटा मोडला होता. दीड महिना प्लास्टर. त्या दिवसापासून दादा एकटे उठायला-बसायला लागले. मला उठवायला मात्र दोन माणसं लागायची: एका बगलेत सुमन आणि दुसऱ्या बगलेत, काठी भिंतीला टेकवून, दादा!