काचेवरचा पाइप

मिस्त्रीने दादाच्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचा पाइप काचेवर ठेवून हलकेच लोटला. घरंगळताना तो प्रत्येक फेरीत किंचित उचलला जाई आणि खालून उजेडाची रेघ दिसे.

"काका, हा वाकलाय. कधीतरी जोरात आपटलाय."

मीच आपटला होता. तरुणपणी गाडी न विचारता नेली, पुलाच्या कठड्यावर घातली आणि पाइप ठोकून गुपचूप बसवला. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायची. दादा म्हणायचा, "माझा डावा हातच जड."

जुन्या बाजारात हिंडून सरळ पाइपांची जोडी मिळवली, बसवली. दादा अंगणात चक्कर मारायला निघाला आणि सवयीने उजवीकडे रेटत थेट तुळशीच्या कट्ट्याकडे गेला.

"आता उजवा हात जड झाला की रे!"

"दादा, हात नव्हे. पाइप वाकडा होता. मी वाकवला होता."

त्याने हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "जुने टाकले नाहीस ना? तेच घाल. या वयात हात कुठे बदलू?"

वाकलेलं सरळ करता येतं. पण ते वाकणं सांभाळत घडलेल्या हाताचं काय करायचं? मिस्त्रीकडे जाऊन जुना पाइप मी पुन्हा काचेवर लोटला. उजेडाची रेघ दिसत राहिली, मिटत राहिली.