जावेच्या हातचं औषध

माझा स्वभाव जात्याच संशयी. भाकरी एक कमी भरली तर माझी पहिली नजर मांजराकडे नाही, थोरल्या जावेकडे जायची.

लग्नानंतर चौथ्या वर्षी, भाताची लावणी सुरू असताना मला दिवस गेले. मावळातलं आमचं खेडं लोणावळ्यापासून तासाभराच्या वाटेवर. चार पावलं चढले की मला धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि खावीशी वाटायची ती फक्त चुलीची भाजकी माती. ती चोरून खाताना जावेनं मला पाहिलं. ती रोज लोणावळ्याला दूध घालायला जायची. दुसऱ्याच दिवशी मला तिथल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी खाली ओढून बघितली.

"अंगात रक्त नाही हिच्या. हे लोखंडाचं औषध रोज घ्यायचं. बाळंतपणात रक्त गेलं तर ही टिकायची नाही."

बाटली दर आठ दिवसांनी जाऊच भरून आणायची. तिला अकरा वर्षांत मूल नव्हतं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, आणि शेजारणीनं त्याला खतपाणी घातलं. "जिची कूस उजवली न्हाई, तिच्या हातचं कशाला पितीस बाय?"

औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी मला परसाकडे कोळशासारखं काळं झालं. मग काय, खात्रीच पटली. रोज औषध उकिरड्यावर ओतायचं आणि घरात येऊन "प्याले" म्हणायचं, असं मी सुरू केलं.

एका सकाळी जावेनं मला ओतताना धरलं. तिच्या जागी मी असते तर झिंज्या उपटल्या असत्या. तिनं नुसतं विचारलं, "का गं?" मी सगळं सांगून टाकलं. विष हा शब्दसुद्धा मी उच्चारला.

तिचे डोळे भरून आले. तिनं बाटलीला चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या एका खुणेएवढं, म्हणजे एका वेळचं औषध स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं.

"चार दिस मी बी पिते. मेले तर तुजं खरं. न्हाई मेले तर तू पी. पर ते पोटातलं पोर मारू नगंस."

माझं तेवढ्यानं भागणार थोडंच! पाचव्या दिवशी पहाटे टमरेल घेऊन मी तिच्या मागोमाग ओढ्याकडे गेले. ती उठून गेल्यावर जाऊन बघितलं. तिचंही काळंच होतं. आणि ही बाई धडधाकट, डोक्यावर दुधाची चरवी घेऊन लोणावळ्याची वाट चालू लागलेली. मला स्वतःची किळस आली. त्या दिवसापासून मी औषधाचा थेंब सांडला नाही.

मला मुलगा झाला. रक्त इतकं गेलं की सुईणीनं हात टेकले होते, पण मी वाचले. जावेनं चाळीस दिवस माझे पाय चेपले.

बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या. पोराला आत्या नव्हती, म्हणून नाव ठेवायला जाऊ पाळण्याजवळ आली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तू हितं नगं. आत जा, घुगऱ्या बग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात सगळ्यांत जास्त तोंड माझंच चालायचं, पण त्या दिवशी मी मान खाली घातली. सासूच्या धाकानं गप्प बसले असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. त्या क्षणी मलाही वाटलं होतं की ती आत गेलेलीच बरी, उगाच पोराला दृष्ट लागायची.